कोल्हापुरातून आरडी व्हायचंय? मग परीक्षेपासून नको, बारावीच्या निकालापासून बघा

न्यूट्रिशनिस्ट, डाएटिशियन, आहारतज्ज्ञ, डाएट कोच, वेलनेस कन्सल्टंट. पाट्यांवरचे हे शब्द पेशंटला एकाच अर्थाचे वाटतात. या क्षेत्रात येऊ बघणाऱ्या मुलामुलींनाही तसंच वाटतं, आणि तिथूनच चूक सुरू होते. तीन महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करून पाटी लागते, पेशंटही येतात. पण हॉस्पिटलच्या नोकरीच्या अर्जात 'रजिस्टर्ड डाएटिशियन (आरडी) असल्यास प्राधान्य' ही ओळ दिसली की गाडी अडते. मागे जाऊन बघावं तर पदवीच चुकीची निवडलेली असते, आणि तेव्हा वय पंचवीसच्या पुढे गेलेलं असतं.

म्हणून आधी शब्द नीट समजून घ्या. आपल्याकडे 'आरडी' ही व्यावसायिक मान्यता इंडियन डाएटेटिक असोसिएशन देते. ही १९६३ साली सुरू झालेली व्यावसायिक संघटना आहे. तिचं स्वतंत्र आरडी बोर्ड आहे आणि ते पात्रता तपासून परीक्षा घेतं. आरडी म्हणजे या माणसाला आहारोपचार येतो, असं त्याच्याच व्यवसायातल्या जाणकारांनी दिलेलं प्रमाणपत्र. वकिलाला बार कौन्सिलकडून मिळते तशी ती सरकारी सनद नव्हे.

सनदेचा रस्ता वेगळा आहे आणि तो अलीकडे तयार होतो आहे. संसदेने २०२१ मध्ये नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स हा कायदा केला. तो २५ मे २०२१ पासून लागू झाला. फिजिओथेरपिस्ट, ऑप्टोमेट्रिस्ट यांच्यासारखंच डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट यांनाही या कायद्याच्या परिशिष्टात स्थान आहे. क्लिनिकल डाएटिशियन, फूड सर्व्हिस डाएटिशियन, पब्लिक हेल्थ न्यूट्रिशनिस्ट, स्पोर्ट्स न्यूट्रिशनिस्ट हे सगळे तिथे एका गटात येतात. कायद्यानुसार केंद्रात आयोग, राज्यात परिषद आणि प्रत्येक व्यावसायिकाची नोंदवहीत नोंद, अशी रचना आहे. 'हेल्थकेअर प्रोफेशनल' म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत पसरलेली पदवी लागते. हा आकडा लक्षात ठेवा, कारण तीन किंवा सहा महिन्यांचा कोणताही कोर्स त्याच्या जवळपासही जात नाही.

तेव्हा आज बारावीत असलेल्यांनी दोन्ही धरून चालायचं: राज्य परिषदेची नोंदणी आणि असोसिएशनची आरडी. एक मिळालं म्हणून दुसरं आपोआप मिळत नाही.

आता बारावी. कला शाखेतून गृहविज्ञान घेऊन पुढे जाणाऱ्या मुली पूर्वी बऱ्याच असायच्या. आज विचाराल तर विज्ञान शाखा घ्या आणि जीवशास्त्र सोडू नका. गणित सोडलं तर चालेल, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मात्र सोडू नका. एमएस्सीला बायोकेमिस्ट्री आली की अकरावीतल्या सेंद्रिय रसायनाची उणीव दर आठवड्याला जाणवते. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दहा आरोग्य-व्यवसायांचे देशभर सारखे अभ्यासक्रम जाहीर केले, त्यात 'न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स' आहे. इथून पुढची महाविद्यालयं त्या चौकटीत येत जाणार. त्यामुळे प्रवेश घेताना महाविद्यालयाला एक प्रश्न लेखी विचारा: हा अभ्यासक्रम आयोगाच्या चौकटीत बसतो का, आणि बसत नसेल तर कधी बसवणार? तोंडी 'हो हो, होऊन जाईल' यावर विसंबू नका.

पदवीचं नाव फार महत्त्वाचं आहे. बीएस्सी न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स, बीएस्सी फूड सायन्स अँड न्यूट्रिशन किंवा गृहविज्ञानातली फूड्स अँड न्यूट्रिशन ही शाखा, हे सरळ रस्ते. 'फूड टेक्नॉलॉजी' हा रस्ता वेगळ्या गावाला जातो. त्यात प्रक्रिया, पॅकेजिंग, कारखाना असतो, आजारी माणूस नसतो. कोल्हापूर, सांगली पट्ट्यात दूध संघ, साखर कारखाने, गूळ आणि बेदाण्याचा व्यवसाय असल्याने फूड टेक्नॉलॉजीला काम भरपूर आहे आणि तो विषय चांगलाच आहे. पण तो घेऊन नंतर वॉर्डात यायचं म्हटलं तर दोन वर्षं वाया जातात. नुसत्या केमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीच्या बीएस्सीवरून पीजी डिप्लोमा इन डाएटेटिक्स करून येणारेही असतात. त्यांच्यासाठी आरडीच्या पात्रतेच्या अटी एमएस्सीवाल्यांपेक्षा जास्त असतात, म्हणून डिप्लोमाची फी भरण्याआधी असोसिएशनच्या संकेतस्थळावरची त्या वर्षीची पात्रता वाचा. नियम सुधारत राहतात. मैत्रिणीच्या ताईने चार वर्षांपूर्वी सांगितलेलं आज लागू असेलच असं नाही.

दूरशिक्षणाबद्दल तर स्पष्टच सांगायला हवं. लग्नानंतर, नोकरी सांभाळून बाहेरून एमएस्सी करायची, हा आपल्याकडच्या अनेक बायकांचा हक्काचा मार्ग होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून तो बंद केला आहे. फूड अँड न्यूट्रिशन सायन्स, क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स हे विषय आता दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पदवीसाठी शिकवता येत नाहीत. कुणी एजंट अजूनही 'घरबसल्या एमएस्सी डाएटेटिक्स' विकत असेल तर तिथे एक रुपयाही भरू नका. हा निर्णय कुणासाठी अवघड आहे हे उघड आहे: ज्यांना गाव सोडून जाता येत नाही त्यांच्यासाठी. पण नळीतून अन्न जाणाऱ्या पेशंटची जबाबदारी वॉर्डात उभं न राहता शिकता येत नाही, हेही तितकंच खरं.

एमएस्सीसाठी कोल्हापूरच्या मुली बहुधा पुणे किंवा मुंबई गाठतात. एसएनडीटी महिला विद्यापीठ आणि मुंबईचं निर्मला निकेतन ही जुनी, नाव असलेली ठिकाणं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा फूड्स अँड न्यूट्रिशन विभागही नावाजलेला आहे. कुठेही जा, पण माहितीपत्रकात एकच ओळ आधी शोधा: रुग्णालयातली इंटर्नशिप किती आठवड्यांची आहे? वसतिगृह, फी, कॅम्पस हे नंतर.

कारण आरडीच्या पात्रतेत सगळ्यात जास्त जण अडकतात ते याच ठिकाणी. एमएस्सीसोबत रुग्णालयातलं सहा महिन्यांचं प्रशिक्षण अपेक्षित असतं. काही अभ्यासक्रमांत ते दीड-दोन महिन्यांचंच असतं. पदवी हातात येते, गुण छान असतात, आणि अर्ज भरताना लक्षात येतं की चार महिने कमी पडताहेत. मग नोकरी सोडून पुन्हा विनावेतन इंटर्न व्हावं लागतं. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच हिशेब मांडून ठेवलात तर शेवटच्या परीक्षेनंतर लगेच उरलेले महिने पूर्ण होतात.

इंटर्नशिप कोल्हापुरात करता येईल का? शहरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) हे सरकारी रुग्णालय आहे, कदमवाडीला डी. वाय. पाटील रुग्णालय आहे, खासगी बहुविशेष रुग्णालयं आहेत, आणि तासाभराच्या अंतरावर मिरजेसारखं रुग्णालयांचं गाव आहे. ठिकाण निवडताना तीन गोष्टी तपासा. तिथे पात्र डाएटिशियन पूर्णवेळ आहे का? कारण शिकवणारं आणि सही करणारं माणूस तेच. आयसीयू आणि डायलिसिस दोन्ही आहेत का? आणि रुग्णालयाचं स्वतःचं स्वयंपाकघर आहे का? डबे बाहेरून येत असतील तर फूड सर्व्हिसचा भाग शिकायचाच राहून जातो. आरडी बोर्डाच्या नियमांत ते रुग्णालय बसतं का, हे रुजू होण्याआधी ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.

सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे. त्यांची वाटणी आपणच आग्रहाने मागून घ्यायची, नाहीतर इंटर्नला ओपीडीत बसवून छापील डाएट शीट वाटायला लावतात आणि सहा महिने त्यातच संपतात. साधारण अशी वाटणी चांगली चालते: पहिले दोन-तीन आठवडे स्वयंपाकघर, मग जनरल मेडिसिन आणि मधुमेह मिळून सहा, किडनी व डायलिसिस चार, आयसीयू चार, शस्त्रक्रियेचे वॉर्ड तीन, बालरोग आणि प्रसूती मिळून चार, उरलेले कर्करोग किंवा पोटविकार. स्वयंपाकघर आधी घ्या. कमी मिठाचं जेवण म्हणून वर पाठवलेल्या ताटात नेमकं काय असतं, हे खाली भांड्याजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

रोजचं काम म्हणजे नवीन भरती झालेल्या पेशंटचं चोवीस तासांच्या आत स्क्रीनिंग, धोका दिसला तर पूर्ण मूल्यमापन, कालच्या दिवसभराच्या खाण्याची विचारपूस, गरजेचं गणित, डाएट ऑर्डर आणि दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष किती खाल्लं याची नोंद. ही शेवटची पायरी नव्या मुली हमखास विसरतात. कागदावर १,८०० कॅलरी लिहिल्या आणि पेशंटने निम्मं ताट परत पाठवलं, तर त्याला ९०० च मिळाल्या.

नळीच्या आहाराचं एक गणित इथेच करून बघा, परीक्षेत आणि वॉर्डात दोन्हीकडे लागतं. साठ किलोचा पेशंट आहे. किलोमागे २५ कॅलरी धरल्या तर १,५०० कॅलरी, किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं धरली तर ७२ ग्रॅम. तयार पावडरचं मिश्रण एका मिलीला एक कॅलरी असं केलं तर दीड लिटर लागेल, म्हणजे २५० मिलीचे सहा फीड. कॅलरी जुळल्या. पण त्या मिश्रणात लिटरला साधारण ४० ग्रॅम प्रथिनं असतील तर मिळतात ६०. बारा ग्रॅम कमी पडले, ते वेगळ्या प्रोटीन पावडरने भरून काढायचे. कॅलरी जुळल्या की काम झालं, असं समजून थांबणं ही इथली नेहमीची चूक.

दुसरी चूक जिवावर बेतणारी. हाच पेशंट दहा दिवस जवळजवळ उपाशी असेल, तर पहिल्या दिवशी पूर्ण १,५०० कॅलरी देऊ नयेत. उपाशी शरीरात एकदम पिष्टमय पदार्थ गेले की इन्सुलिन वाढतं, फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात आणि रक्तातली पातळी कोसळते. हृदय अडखळू शकतं. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. किलोमागे १० कॅलरी, म्हणजे इथे ६०० पासून सुरुवात करायची, आधी थायमिन द्यायचं, रोज रक्ततपासणी बघत चार ते सात दिवसांत वर न्यायचं. घरचे लोक म्हणतात, 'अहो, किती दिवस पोटात काही नाही, जरा जास्त घाला की.' त्यांना हे समजेल अशा मराठीत सांगता येणं हाही शिक्षणाचाच भाग आहे.

किडनीच्या पेशंटबाबत घडणारा घोळ तर आपल्या भागात फार दिसतो. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं कमी ठेवतात, मधुमेह नसेल तर किलोमागे ०.५५ ते ०.६ ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटतो, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, कारण डायलिसिसमध्ये प्रथिनांचे घटक निघून जातात. पण फ्रिजवर चिकटवलेला जुना कागद तोच राहतो. पेशंट बिचारा अंडं, मासा, मटण सगळं सोडून वरणाच्या पाण्यावर राहतो आणि महिन्या-महिन्याला खंगत जातो. डाएट शीटवर तारीख आणि 'पुढची तपासणी कधी' हे लिहायची सवय इंटर्नशिपमध्येच लावून घ्या. आणि बाजारात मिळणारं लो सोडियम मीठ या पेशंटना चुकूनही सुचवू नका, त्यात काही सोडियम क्लोराइडच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. भाज्यांतलं पोटॅशियम कमी करायला भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकायचं. अंगावरच्या रश्शाची सवय असलेल्या घरात 'पाणी फेका' हे दोनदा सांगावं लागतं.

पुस्तकातली एक्सचेंज लिस्ट, म्हणजे एकाच्या जागी दुसरा खाता येईल अशा सारख्या कॅलरींच्या पदार्थांची यादी, आणि कोल्हापूरचं ताट यांचा मेळ घालणं हे तर स्वतंत्र कौशल्य आहे. एक धान्य एक्सचेंज म्हणजे ३० ग्रॅम पीठ, सुमारे १०० कॅलरी. पुण्याच्या घडीच्या पोळीला ते जमून जातं. आपल्याकडची ज्वारीची भाकरी थापायला ८० ते १०० ग्रॅम पीठ सहज जातं. ९० ग्रॅम धरलं तर ३०० कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे एक भाकरी म्हणजे तीन एक्सचेंज. 'दोन पोळ्यांऐवजी दोन भाकरी चालतील' असं लिहून दिलं की सगळं गणित बिघडतं. किराणा दुकानात मिळणारा छोटा डिजिटल काटा घ्या आणि आधी आपल्या घरातल्या दहा भाकऱ्यांचं पीठ वजन करून बघा.

मिठाचंही तेच. दिवसाला ५ ग्रॅम मीठ म्हणजे साधारण २,००० मिलीग्रॅम सोडियम, एक सपाट चमचा. पेशंट भाजीत घातलेलं मीठ मोजतो. कांदा-लसूण मसाल्यातलं, भडंगातलं, लोणच्यातलं, पापडातलं, मिसळीवरच्या फरसाणातलं मोजत नाही. 'मीठ कमी करा' हे वाक्य निरुपयोगी आहे. 'मसाला घरी बिनमिठाचा करून ठेवा आणि मीठ स्वयंपाक करताना एकदाच घाला' हे वाक्य उपयोगी पडतं. गुळाचा प्रश्न तर रोज येतो. साखर बंद करून सेंद्रिय गूळ घेणारे मधुमेही इथे घरोघरी आहेत. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं, ग्रॅमला जवळपास तितक्याच कॅलरी, आणि रक्तातली साखर तशीच वाढते. ऊस पिकवून गूळ करणाऱ्या माणसाला हे सांगताना त्याच्या पिकाचा अपमान होणार नाही असं सांगायचं, ते जमायला हवं. तालमीतल्या पैलवानाचा खुराक हा आणखी वेगळा विषय. व्यायाम सुटला तरी थंडाई आणि तूप सुटत नाही, आणि चाळिशीत साखर वाढलेली निघते.

परीक्षेकडे वळू. तिच्यात शरीरक्रियाशास्त्र, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, पोषण, आहारोपचार, अन्नशास्त्र, फूड सर्व्हिस, सामुदायिक पोषण, संशोधन आणि संख्याशास्त्र असा सगळा पसारा असतो. प्रश्न बहुपर्यायी. आहारोपचाराची तयारी इंटर्नशिपमुळे आपसूक झालेली असते, म्हणून सगळा वेळ त्यातच घालवू नका. नापास होणारे बहुतेक जण बायोकेमिस्ट्री, फूड सर्व्हिस आणि संख्याशास्त्र यात गुण घालवतात. चार महिने हातात असतील तर पहिले दोन याच तिघांना द्या. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची वही काढा, लाज बाळगू नका.

आणि जुन्या नोट्सपासून सावध राहा. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दैनंदिन गरजांचे आकडे बदलले. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या गठ्ठ्यांत मात्र अजून २०१० चे आकडे असतात. ज्याच्या वजनावरून गरजा ठरवतात तो संदर्भ पुरुष पूर्वी ६० किलोचा होता, आता ६५ किलोचा. स्त्री ५५ किलोची. प्रथिनांची गरज किलोमागे १ ग्रॅमवरून ०.८३ वर आली, म्हणजे पुरुषाला ५४ ग्रॅम. कॅल्शियम ६०० वरून १,००० मिलीग्रॅम झालं. स्त्रियांसाठी लोह २१ वरून २९ मिलीग्रॅम. त्याशिवाय सरासरी गरज आणि शिफारस केलेलं प्रमाण असे दोन आकडे आता वेगळे दिले आहेत. गावाचं किंवा शाळेचं पोषण तपासताना सरासरी गरज वापरायची, एका माणसाचा आहार आखताना शिफारस केलेलं प्रमाण. हा फरक विचारायला सोपा आणि चुकायलाही सोपा.

तसंच अन्नघटकांचं पुस्तक (इंडियन फूड कंपोझिशन टेबल्स) २०१७ चं वापरा, त्यात ५२८ पदार्थ आहेत. त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, ४.१८४ ने भागलं की कॅलरी मिळतात. ज्वारी १,३९८ किलोज्यूल, म्हणजे ३३४ कॅलरी. घाईत १,३९८ हाच आकडा कॅलरी म्हणून लिहिणारे दरवर्षी निघतात.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर हवं, त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख, किती खाटांचं रुग्णालय, कुठल्या विभागात किती आठवडे, मार्गदर्शक डाएटिशियनचं नाव, पात्रता, सही आणि शिक्का. 'यांनी समाधानकारक काम केले' एवढ्या एका ओळीच्या प्रमाणपत्रावर अर्ज अडकू शकतो. शेवटच्या दिवशीच पूर्ण मजकूर लिहून न्या आणि सही घेऊनच बाहेर पडा. वर्षभराने गेलात तर सही करणारी मॅडम नोकरी बदलून गेलेली असते. रोजची लॉगबुक आणि निदान दहा-बारा पेशंटच्या सविस्तर केस, अर्थात पेशंटचं नाव न लिहिता, जपून ठेवा.

नावाचा प्रश्न आपल्याकडे विशेष. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पदवीवर आईचं नाव जोडलेलं, आधारवर सासरचं नाव. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर शासन राजपत्रातली नोंद करून तिच्या प्रती ठेवा, किंवा व्यवसायासाठी माहेरचंच नाव सगळीकडे एकसारखं चालू ठेवा. दुसरा पर्याय सोपा आहे. आरडीनंतर नोंदणीचं नूतनीकरणही असतं आणि त्यासाठी परिषदा, कार्यशाळा यांची उपस्थिती दाखवावी लागते, तेव्हा ती प्रमाणपत्रंही त्याच नावावर घ्या.

परदेशाचा विचार असणाऱ्यांसाठी थोडक्यात. भारतातली आरडी अमेरिकेत थेट चालत नाही. तिथे १ जानेवारी २०२४ पासून परीक्षेला बसायला किमान पदव्युत्तर पदवी लागते, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि किमान १,००० तासांचं देखरेखीखालचं प्रशिक्षण लागतं. परीक्षा संगणकावर, १२५ ते १४५ प्रश्नांची, एकदा सोडवलेल्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही, उत्तीर्ण व्हायला ५० पैकी २५ चा स्केल्ड स्कोअर. ती झाली तरी बहुतेक राज्यांत काम करायला त्या राज्याचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं. पुढे दर पाच वर्षांनी ७५ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. ब्रिटनमध्ये 'डाएटिशियन' हा शब्दच कायद्याने संरक्षित आहे आणि तिथली एचसीपीसी ही संस्था नोंदणी करते. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही, अशी अट असते.

दोन्हीकडे तुमच्या पदवीची तुलना करताना विषयवार तास मागतात. म्हणून महाविद्यालय सोडण्याआधी तुमच्या वर्षाचा संपूर्ण अभ्यासक्रम, प्रत्येक विषयाच्या तासांसह, छापून त्यावर विभागप्रमुखांची सही आणि शिक्का घेऊन ठेवा. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो, आणि आठ वर्षांनी जुना अभ्यासक्रम विद्यापीठाच्या कार्यालयात शोधायचा म्हणजे चार-पाच खेपा ठरलेल्या.